पाठीवर पाणसळ

मिस्त्रींनी आयुष्यात छत असं कधी पाहिलंच नव्हतं. घराला छत असतं हे त्यांना ठाऊक होतं, नाही असं नाही. पण एकतीस वर्षं जो माणूस हात-गुडघ्यांवर रांगत लोकांच्या घरात फरशी बसवतो, त्याची आणि छताची गाठ पडावी कशी? त्यांना जागा आठवायच्या त्या खालून. कुणी नाक्यावरच्या दवाखान्याचं नाव काढलं की त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर यायचा नाही. दाराशी कापून बसवावी लागलेली अर्धी लादी यायची. शाळा म्हटलं की करड्या ठिपक्यांची फरशी. सिनेमागृह म्हटलं की जिन्याच्या पायऱ्या, आणि त्यातली खालून नववी, जिच्यावरून ठेकेदाराशी कडाक्याचं भांडण झालं होतं. आत सिनेमा कुठला लागलाय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर रबरी चटईवर उताणं पडल्यावर मिस्त्रींना जे दिसलं ते अगदी नवं होतं.

"सगळ्यांनी वर बघायचं आणि श्वास हळूहळू सोडायचा," व्यायामाच्या मॅडम सांगत होत्या. "घाई नाही. आपल्याकडे आठ आठवडे आहेत."

मिस्त्रींनी वर पाहिलं. आधी त्यांना एवढंच वाटलं की गिलावा करणाऱ्याने उरकाउरकी केलीय. मग बाहेरच्या कुठल्याशा पाण्याच्या टाकीवरून उजेड परतून येत होता, तो छतावर थरथरताना दिसला. पंखा इतका हळू फिरत होता की त्याची पाती मोजता यावीत. मॅडमचा आवाज लांब लांब गेला. आणि मिस्त्रींना असं वाटायला लागलं की आपण वर बघतच नाही, खाली बघतोय. हे पांढरं, मोठं, अजून कुणी पाय न ठेवलेलं जे काही आहे ती फरशी आहे आणि आपण तिच्यावर तरंगतोय. कंबर दुखत नव्हती. दुखत असेलही, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, आणि असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरून घोरणं ऐकू आलं. तिथल्या एका बस ड्रायव्हरला झोप लागली होती. मॅडमनी टाळी वाजवून त्याला परत आणलं.

दुखणं चौदा महिन्यांचं होतं आणि त्याची सुरुवात कशी झाली हे सांगायची मिस्त्रींना लाज वाटायची. पन्नास पन्नास किलोची सिमेंटची पोती पाठीवरून वाहिली तेव्हा काही झालं नाही; झालं ते खाली पडलेली पेन्सिल उचलताना. कमरेत खटकन काहीतरी झालं, चमक पायापर्यंत गेली आणि मिस्त्री होते तिथेच थिजले. धाकट्या भावाने आणि दोन मजुरांनी त्यांना उचलून टेम्पोत घातलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. त्यांचा फोन वाजत होता. "झीज आहे. आता वाकणं बंद. वाकलात तर संपलं," असं म्हणून त्यांनी फोन घेतला.

डॉक्टर दुपारपर्यंत ते वाक्य विसरूनही गेले असतील. मिस्त्रींच्या लेखी मात्र ती काळ्या दगडावरची रेघ झाली. महिन्याभरात मोठी कळ ओसरली, पण एक मंद ठणका कमरेत मुक्कामाला राहिला आणि त्याच्या आडोशाने भीती राहिली. मिस्त्री वाकायचे बंद झाले म्हणजे झालेच. मोजे बायकोने चढवायचे. साबण हातातून निसटला तर पायाच्या अंगठ्याने त्याला भिंतीपर्यंत न्यायचं आणि तिथे सोडून द्यायचं. वर्तमानपत्र खाली पडलं की ते त्या दिवसापुरतं वाचून झालं. घरात ते असे चालायचे की डोक्यावर कुणी काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलंय.

"अहो, माणूस आहात की काचेची बरणी?" बायको विचारायची.

मिस्त्री चहा मागायचे, कारण खरं उत्तर काचेची बरणी असं होतं.

काम धाकटा भाऊ बघत होता. एका संध्याकाळी तो आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि कप खाली ठेवता ठेवता मुद्द्यावर आला.

"दादा, वाचनालयाच्या नव्या हॉलचं काम मिळालंय आपल्याला. दोन-सव्वादोन महिन्यांनी सुरू होईल. पहिली ओळ तू बसवणार का, तेवढं सांग."

या दोघा भावांचा पहिल्यापासूनचा शिरस्ता होता. जागा कितीही मोठी असो, पहिली ओळ थोरल्याने बसवायची. ती केसभर जरी चुकली तरी पलीकडच्या भिंतीशी पोचेपर्यंत चूक चार बोटं होते, आणि मग अख्खा हॉल जन्मभर तिरका दिसतो. भाऊ हाताने चांगला होता, मिस्त्रींपेक्षा चपळसुद्धा. पण पहिल्या ओळीला त्याने कधी हात लावला नव्हता.

"बघू," मिस्त्री म्हणाले.

बघू म्हणजे काय ते त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. फरशीच्या दुकानाच्या मालकाने त्यांना एक खुर्ची देऊ केली होती. गादीची, चाकांची खुर्ची. तिच्यात बसायचं आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला लाद्यांचे नमुने दाखवायचे. मालक बिचारा चांगल्या मनाने म्हणाला होता. तेव्हा हॉलचं काम निघेपर्यंत जमिनीवर बसून पहिली ओळ लावता आली तर ठीक. नाही आली तर थापी आणि हातोडा भावाच्या हवाली करायचा आणि आपण त्या खुर्चीत जाऊन बसायचं. खुर्चीचा विचार आला की मिस्त्री बसल्या जागेवरून उठून उभे राहायचे.

व्यायामाच्या वर्गात त्यांचं नाव घातलं ते बायकोने. इस्पितळाच्या भिंतीवर कागद लागला होता: जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. तिने आधी नाव देऊन टाकलं आणि मग नवऱ्याला सांगितलं. संसारात तिने बऱ्याच गोष्टी अशाच पार पाडल्या होत्या.

वर्गात आठ जण होते. मिस्त्रींच्या एका अंगाला बस ड्रायव्हर, दुसऱ्या अंगाला एक शिंपीणबाई. ड्रायव्हरची कंबर सीटवर बसून गेली होती, शिंपीणबाईंची मशीनवर वाकून, आणि पहिल्याच दिवशी दोघांनी आपापलं दुखणं इतक्या चढाओढीने सांगितलं की मॅडमना मध्ये पडावं लागलं. मॅडम वयाने मिस्त्रींच्या मुलीएवढ्या होत्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

त्या पहिल्या दिवशी कुशीवर वळून उठताना मिस्त्रींचा तळवा चटईबाहेर जमिनीला लागला आणि ते तसेच थांबले.

"काय झालं? चमक आली?" मॅडमनी विचारलं.

"नाही. ही फरशी माझी आहे."

"म्हणजे?"

"मी बसवलीय. एकोणीस वर्षं झाली. तेव्हा इथे खोल्या नव्हत्या, एकच लांबलचक हॉल होता." त्यांनी बोटाच्या पेराने लादीवर टकटक केलं. आवाज भरीव आला. "एक लादी पोकळ निघाली तर नाव बदलीन."

"आधी सांगायचं की राव," ड्रायव्हर म्हणाला. "पाय धुऊन आलो असतो."

त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवार मिस्त्रींना हवेसे वाटायला लागले. गुडघे दुमडायचे, कंबर उचलून धरायची, दहा मोजायचे, सोडायची. एक गुडघा छातीशी, मग दुसरा. मध्ये मॅडम सगळ्यांना नुसतं पडून राहू द्यायच्या, आणि त्या विसाव्यात मिस्त्री सगळीकडे फिरून यायचे. दवाखान्याची पांढरी फरशी शाळेच्या करड्या फरशीला जाऊन मिळायची. तिच्यापुढे सिनेमागृहाच्या पायऱ्या, मग कुणा नव्या जोडप्याचं स्वयंपाकघर, त्याची निळी किनार, मग पुन्हा पांढरं. भिंती नसायच्या, दारं नसायची. माणसंही नसायची, कारण मिस्त्रींनी ती सगळी घरं माणसं यायच्या आधी पाहिली होती. रिकामी, ओल्या सिमेंटच्या वासाची, खाकरलं तरी घुमणारी. त्या सलग फरशीवरून ते अनवाणी चालत जायचे आणि तळव्याला कुठे सांधा लागायचा नाही. एकतीस वर्षं जे गुडघ्यांवर केलं ते असं उभ्याने चालून बघायला मिळेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. एकदा तर डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. ते त्यांनी घामाच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना हात-गुडघ्यांवर यायला सांगितलं आणि मिस्त्रींचं धाबं दणाणलं. ही तर त्यांची कामाची बैठक. याच बैठकीने आपला घात केला असं ते धरून चालले होते.

"मॅडम, मला वाकायला बंदी आहे."

"हे वाकणं नाही, काका. पाठ सपाट ठेवायची. वर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू नये, एवढी सपाट. मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे."

सपाट हा शब्द मिस्त्रींनी घट्ट धरून ठेवला. पाठ सपाट असेल तर ती वाकलेली नाही, आणि वाकलेली नसेल तर डॉक्टरांचा हुकूम मोडला नाही. प्रश्न उरला तो इतकाच की पाठ खरोखर सपाट आहे हे कळावं कसं? पाण्याचा पेला ही आपली बोलण्यातली गोष्ट झाली. ज्याच्या घरात पाणसळ आहे त्याने पेले कशाला मांडायचे?

पाणसळ म्हणजे हातभर लांबीची पट्टी. मधोमध काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. पट्टी जमिनीवर ठेवली की बुडबुडा उंच बाजूकडे पळतो. दोन रेघांच्या मध्ये स्वस्थ बसला की जमीन सपाट. मिस्त्रींनी आयुष्यात माणसांवर टाकला नसेल इतका विश्वास त्या बुडबुड्यावर टाकला होता.

घरात हातपाय पसरायला जागा एकच, मागची गॅलरी. लांबट, अरुंद, एका अंगाला कठडा. रोज सकाळी मिस्त्री तिथे चटई टाकून, दाराकडे तोंड आणि कठड्याकडे उजवी बाजू करून, हात-गुडघ्यांवर यायचे आणि बायको त्यांच्या कमरेवर पाणसळ आडवी ठेवायची.

"कुठे आहे?"

"डावीकडे पळालाय."

"आता?"

"डावीकडेच आहे. उजवी बाजू जरा वर घ्या. अजून थोडी. हां, आला, आला. हलू नका!"

"मध्ये आहे का नक्की?"

"अगदी मध्ये. पण मला एक सांगा, गॅसवरच्या दुधाकडे कोणी बघायचं?"

पहिल्यांदा बुडबुडा जागेवर यायला मिनिट मिनिट लागायचं. हळूहळू ते अंगवळणी पडलं. पुढे पुढे तर मिस्त्री बैठकीत आले की बुडबुडा आपण होऊन मध्ये यायचा, आणि बायको पाणसळ ठेवून स्वयंपाकघरात निघून जायची. कठड्यापलीकडे कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी हलायच्या. त्या हलत्या पांढऱ्याकडे बघत, एक हात पुढे आणि एक पाय मागे असे मिस्त्री दहा मोजायचे, आणि त्या दहात त्यांना कसं शांत वाटायचं.

वर्गात मात्र एक गंमत सुरू होती. मॅडम यायच्या, त्यांच्या कमरेवर हात ठेवून उजवी बाजू खाली दाबायच्या आणि पुढे जायच्या. त्या पुढे गेल्या की मिस्त्री ती बाजू गुपचूप पुन्हा वर घ्यायचे. पोर गुणी आहे, पण तिचा तो नजरेचा अंदाज. आपल्याकडे पाणसळ आहे. मॅडमनी दिलेल्या तक्त्यात रोज दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा होता. मिस्त्रींचा आकडा सातावरून सहावर आला, सहावरून पाचावर. घरचा जिना ते मध्ये न थांबता चढायला लागले. हे सगळं श्रेय त्यांनी बुडबुड्याला देऊन टाकलं.

सहाव्या आठवड्यात शिंपीणबाईंनी तोंड उघडलं.

"मॅडम, मी चार वेळा बघितलं, म्हणून बोलते. मिस्त्रींची उजवी कंबर बोटभर वर आहे. मी कापड बेतते, मला दिसतं."

"माझी पाठ पाणसळीत आहे," मिस्त्री चटईवरूनच म्हणाले. आवाजात थोडी घमेंड होती, आणि ती असणारच.

"कशात?"

मग सगळं बाहेर आलं. पाणसळ त्यांच्या पिशवीतच होती. ती ते छत्रीसारखी बरोबर बाळगायचे. मॅडमनी ती त्यांच्या कमरेवर ठेवली. बुडबुडा सरळ उजवीकडे जाऊन टोकाला चिकटला.

"असं कसं होईल?" मिस्त्री म्हणाले. "तुमची फरशी ढाळात आहे."

 ड्रायव्हर अगदी हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री, ही तुम्हीच बसवलीय ना?"

मॅडमनी पाणसळ उचलून फरशीवर ठेवली. आडवी ठेवली, उभी ठेवली. बुडबुडा दोन्ही वेळा मधोमध बसला. एकोणीस वर्षांपूर्वीचं काम केसभर हललं नव्हतं, आणि याचा आनंद करावा की दुःख हे मिस्त्रींना कळेना.

ते चटईवर उठून बसले. आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"गॅलरी," ते म्हणाले. "गॅलरीला ढाळ आहे. मीच दिलाय. पाणी कठड्याकडे जावं म्हणून."

लोकांच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या ढाळ ओळखणारा हा माणूस. पण गॅलरीचा ढाळ चुकलेला नव्हता, बरोबर होता. इतका बरोबर की बारा वर्षांत तिथे पाण्याचा थेंब थांबला नव्हता. आणि जी फरशी बरोबर बसलीय तिला पाणसळ लावून बघायचं मिस्त्रीच्या डोक्यात येतच नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. ड्रायव्हरकडे पाणसळ नव्हती, आणि शिंपीणबाईंनी मुकाट्याने पेला ठेवला असता.

सगळे पोट धरून हसले. ड्रायव्हरची तर हसता हसता कंबर धरली. मिस्त्री मात्र पांढरेफटक पडले होते.

"महिनाभर," ते म्हणाले. "मॅडम, महिनाभर रोज मी तिरका. पाठीचे बारा वाजले असतील."

मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"दुखणं वाढलं का?"

"नाही."

"तक्ता बघू." त्यांनी बोट फिरवलं. सात, सहा, सहा, पाच, पाच, चार. "आणि जिना?"

"न थांबता चढतो."

"मग?"

मिस्त्रींनी तक्ता आपल्याकडे ओढून आकडे पुन्हा वाचले.

"महिनाभर कंबर तिरकी धरून तुम्ही दहा दहा मोजलेत, काका. मी सांगितलं असतं तर केलं नसतंत. काही मोडलं का?"

"पण डॉक्टर म्हणाले होते, वाकलात तर संपलं."

"कधी म्हणाले होते?"

"सव्वा वर्ष होऊन गेलं."

"तेव्हाची कळ ताजी होती. तेव्हा जपलंत ते ठीक. आता पाठीला जपणं पुरे, तिला वापरायला लागा. रोज थोडी जास्त. दुखेल मधून मधून. दुखलं म्हणजे मोडलं असं नसतं, काका."

 मिस्त्रींनी पाणसळ पिशवीत ठेवली आणि ते इस्पितळातून बाहेर पडले. उन्हं अजून कोवळी होती, रस्त्याला गर्दी नव्हती. ते चालत राहिले आणि त्यांना वाटलं, रस्ता पायाखालून आपल्यालाच पुढे नेतोय. नेहमी ते जमिनीकडे बघत चालायचे. आज लोकांच्या पाठी बघत चालले. एक बाई मुलाला कडेवर घेऊन एका बाजूला कलली होती. टपालवाल्याचा खांदा पिशवीने खाली गेला होता. दुकानाचं शटर उघडायला एक म्हातारा पार जमिनीपर्यंत वाकला, आणि उठून उभा राहिला, आणि कुलूप खिशात टाकून आत गेला. सगळं जग वाकडं होतं आणि कामाला लागलं होतं. महिनाभर आपण चुकत होतो आणि काही मोडलं नाही, हे मिस्त्री मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते, आणि दर वेळी ते थोडं कमी भयंकर वाटत होतं.

घरी आल्यावर ते थेट गॅलरीत गेले. लोटाभर पाणी भिंतीशी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं, मग एक पातळ चकाकती पट्टी होऊन कठड्याकडे निघालं. काय सुरेख ढाळ होता! बारा वर्षांत त्यांनी तो असा बघितलाच नव्हता. पाण्यात आभाळाचा एक तुकडा सरकत सरकत कठड्याखालच्या, पाणी जायच्या नळीपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. नळीच्या तोंडाशी एक वाळकं पान अडकून पाणी तुंबत होतं. मिस्त्रींनी ते उचललं आणि बाहेर टाकलं.

"अहो," दारातून बायकोचा आवाज आला.  "अहो, तुम्ही वाकलात."

मिस्त्री अजून वाकलेलेच होते. त्यांनी वाट बघितली. खटकन काही झालं नाही. कंबर ओढली गेली होती, ठणकत होती, पण तिथे होती. तशाच अवस्थेत त्यांनी आपल्या पायांची बोटं बघितली. कितीतरी दिवसांनी इतक्या जवळून. नखं वाढली होती.

"हो गं," ते म्हणाले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि वाकलेल्या माणसाला यातलं काहीच नीट जमत नाही. "जरा नेलकटर दे."

पुढचे दोन आठवडे ते वर्गात वाकायला शिकले. आधी रिकामा खोका उचलायचा, मग त्यात वह्या, मग वाळूची छोटी पिशवी. तक्त्यात आकडा एकदा सहावर गेला, दोनदा चारावर आला. शेवटच्या शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "जास्त वेळ एका बैठकीत राहायचं नाही. उठायचं, फिरायचं, परत बसायचं. लाज वाटून घ्यायची नाही." ड्रायव्हरने जाताना त्यांचा हात हातात घेऊन हलवला आणि कधी आपल्या बसमध्ये चढलात तर उभं राहूनच या, असं बजावलं.

सोमवारी वाचनालयाच्या हॉलवर काम सुरू झालं. हॉल रिकामा होता. कपाटं यायची होती, माणसं यायची होती. उंच खिडक्यांतून सकाळचा उजेड उघड्या जमिनीवर लांबवर पडला होता आणि सिमेंटची बारीक धूळ त्यात संथ तरंगत होती. मिस्त्री दारात उभे राहिले. ही जागा त्यांना स्वप्नात बघितल्यासारखी वाटली, पण कालवलेल्या सिमेंटच्या ओल्या मालाचा वास खरा होता. भावाने लाद्या भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. तो नुसता बघत होता.

मिस्त्री एका गुडघ्यावर आले. मग दुसऱ्या. मग तळवे जमिनीला टेकले. माल पसरला, पहिली लादी ठेवली, रबरी हातोड्याने हलकेच ठोकली. टप, टप. आवाज हॉलभर फिरून परत आला. दुसरी. तिसरी. हात काहीच विसरले नव्हते, आणि हातांबद्दल त्यांना शंकाही नव्हती. पाचव्या लादीला कमरेत कळ आली. मोठी आली.  सव्वा वर्षापूर्वीचा डॉक्टरांचा तो फोन पुन्हा वाजतोय असं मिस्त्रींना वाटलं. ते तसेच थांबले आणि श्वास हळूहळू सोडला. मग आपल्याच गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पलीकडच्या भिंतीकडे चालू लागले.

संपलं, असं भावाला वाटलं. त्याचा चेहरा एकदम उतरला. मिस्त्री भिंतीला हात लावून परत आले, तेव्हा त्याने पुढे होऊन हात पसरला.

"दे दादा, थापी दे. मी लावतो. तू खूप केलंस."

मिस्त्रींनी त्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. त्यांना भीती वाटत होती, अजूनही. दुकानातली खुर्ची गादीची होती, चाकांची होती, आणि रिकामी होती. दुखत होतं, पण मोडलेलं काही नव्हतं. त्यांनी एक गुडघा टेकला, मग दुसरा.

"हात काय पसरतोस?" ते म्हणाले. "दोरी धर त्या टोकाला. सहावी लावायचीय."

भाऊ अक्षरशः पळत गेला.

एरवी तासाभरात होणारी ओळ पुरी व्हायला दुपार उजाडली. मिस्त्री बाहेरच्या नळावर थापी धूत होते. भिंतीपलीकडे भाऊ फोनवर बोलत होता. फोनमधून मिस्त्रींच्या बायकोचं बोलणं इतकं मोठ्याने येत होतं की दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"झाली का ओळ?"

"ओळ झाली, वहिनी. पण ओळीचं सोडा. दादा अकरा वेळा उठला आणि अकरा वेळा परत खाली बसला. मी मोजलं."

 मिस्त्रींनी नळ बंद केला.

"अकरा?" बायकोने विचारलं.

"अकरा," भाऊ म्हणाला.